नवी नळजोडणी आणि पाणीपट्टी: ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

घर घेतलं की वीजमीटर नावावर करून घ्यायची घाई सगळे करतात. पाण्याच्या जोडणीकडे मात्र पहिलं अवाच्या सवा बिल हातात पडेपर्यंत कोणी फिरकत नाही. तोवर उशीर झालेला असतो, कारण पाणीपट्टीचे बहुतेक वाद जोडणीच्या वेळी काय नोंदवलं गेलं यावरच अडतात: मीटरचं पहिलं रीडिंग, जोडणीचा आकार (म्हणजे नळाचा व्यास), कुटुंबांची संख्या आणि वापराचा प्रकार. ही चार कलमं सुरुवातीलाच बरोबर लिहून घेतली, की पुढे पाणी खात्याच्या खेपा फारशा पडत नाहीत.

आधी पाणी कोणाचं ते पाहा

पत्त्यात काय लिहिलंय यावर जाऊ नका. नवी मुंबई महापालिकेची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंत: दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर. इथलं पाणी मुख्यतः पालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणातून येतं, खालापूर तालुक्यातून. शुद्धीकरण भोकरपाड्याला होतं. अर्ज तुमच्या विभाग कार्यालयाशी जोडलेल्या पाणीपुरवठा विभागाकडे जातो.

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहतींच्या पत्त्यात सर्रास ‘नवी मुंबई’ लिहिलं जातं, पण त्या पनवेल महापालिकेत आहेत आणि तिथला पाणीपुरवठा सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, उभा केलेला आहे. घरपट्टी एकीकडे, पाण्याचं बिल दुसरीकडे, असा तिथला मामला. तिथल्या माणसाने बेलापूरच्या पालिका मुख्यालयात जाऊन रांग लावली तर दिवस वाया गेला म्हणून समजा. आधीच्या मालकाचं किंवा शेजाऱ्याचं पाण्याचं बिल मागून घ्या. त्यावर ज्याचं नाव, त्याच्याकडे अर्ज.

ठाण्यात पालिकेची हद्द प्रभाग समित्यांमध्ये वाटलेली आहे: नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, लोकमान्य-सावरकरनगर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा. पाणी चार ठिकाणांहून येतं. पालिकेची स्वतःची योजना, म्हणजे भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्याचं पाणी टेमघरला शुद्ध होऊन येतं ती. शिवाय स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा) प्राधिकरण, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि मुंबई महापालिका. जोडणी पालिकाच देते आणि बिलही पालिकाच पाठवते, तरी आपल्या भागाला कुठलं पाणी येतं ते वॉल्व्हमनला विचारून ठेवा. ‘एमआयडीसीचा शटडाउन’ अशी सूचना आली की कळवा, मुंब्रा, दिवा या भागांनी पाणी भरून ठेवायचं असतं. स्टेमच्या शटडाउनचे भाग वेगळे. चोवीस तासांचा शटडाउन संपला तरी पुढचे एक-दोन दिवस दाब कमीच असतो, कारण रिकाम्या झालेल्या वाहिन्या आणि जलकुंभ आधी भरावे लागतात. साठा तेवढा धरून करा.

तुमचं घर कोणत्या प्रकारात

सोसायटीत फ्लॅट घेतला असेल तर तुम्हाला स्वतंत्र नळजोडणी लागत नाही, सहसा मिळतही नाही. इमारतीला एक किंवा दोन मोठ्या जोडण्या असतात, पाणी तळटाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि पाणीपट्टी मेंटेनन्समधून वसूल होते. तुमचं काम एवढंच: व्यवहार पक्का करण्याआधी सोसायटीचं शेवटचं पाण्याचं बिल बघणं. त्यात ‘मागील थकबाकी’चा रकाना कोरा आहे का ते पाहा. जोडणी सोसायटीच्या नावावर आहे की अजून बिल्डरच्या, तेही पाहा. भाडेकरूंनी करारात पाणीपट्टी मेंटेनन्समध्ये धरली आहे की वेगळी, हे लिहून घ्यावं.

नव्या इमारतीत बिल्डरच्या नावावरची जोडणी ही मोठी अडचण आहे. बांधकाम चालू असताना घेतलेली जोडणी तात्पुरती असते आणि तिचा दर घरगुती नसतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, म्हणजे ओसी) मिळाल्यावर कायमची घरगुती जोडणी घ्यायची, जुनी बंद करायची, तिची बाकी बिल्डरने चुकती करायची, हा क्रम. तो पाळला गेला नाही तर बांधकामाच्या दराने बिल चढत राहतं आणि कार्यकारिणी निवडून आली की ते तिच्या गळ्यात पडतं. म्हणून बिल्डरकडून ताबा घेताना चार वस्तू मोजून घ्या: अनामत भरल्याची पावती, मीटरचं चाचणी प्रमाणपत्र, जोडणी कुठून कुठे आली आहे त्याचा नकाशा आणि थकबाकी नसल्याचा दाखला. तोंडी ‘सगळं क्लिअर आहे’ याला काही किंमत नाही.

स्वतंत्र जोडणी लागते ती रो हाऊस, बंगला, गावठाणातलं घर, चाळीतली खोली किंवा दुकान यांना. नवी मुंबईत साडेबारा टक्के योजनेच्या (सिडकोने प्रकल्पग्रस्तांना परत दिलेल्या) भूखंडावरच्या छोट्या इमारतींमध्ये घर घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्राची चौकशी सगळ्यात आधी करा. ते नसेल तर कायमच्या जोडणीचं घोडं तिथेच अडतं.

कागद आणि प्लंबर

अर्ज तुम्ही करता, पण नळाचं काम परवानाधारक प्लंबरनेच करायचं असतं आणि त्याची सही अर्जावर लागते. परवाना पालिकेचा असतो आणि त्याला मुदत असते. विभाग कार्यालयात यादी मिळते. नाक्यावरचा प्लंबर कितीही चांगला असला तरी पालिकेच्या वाहिनीला हात लावायचा अधिकार त्याला नाही. त्याने जोडून दिलेला नळ अनधिकृत ठरतो आणि तुटतो, दंड मालकाला बसतो.

कागद साधारण असे लागतात: मालकीचा पुरावा (नोंदणी केलेला करार आणि इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, किंवा वाटपपत्र), चालू वर्षाचं भरलेलं मालमत्ता कराचं बिल, भोगवटा प्रमाणपत्र, ओळखपत्र, जागेचा साधा नकाशा आणि हमीपत्र. नळाची पाइप शेजाऱ्याच्या जागेतून जाणार असेल तर त्याची लेखी नाहरकत. सोसायटी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि कार्यकारिणीचा ठराव. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावरून. करारात पूर्ण नाव, कराच्या बिलावर आधीच्या मालकाचं नाव, आधारवर तिसरंच स्पेलिंग, अशी तीन तऱ्हा असेल तर आधी मालमत्ता कराच्या नोंदीत नाव बदलून घ्या. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही अर्ज लटकतात.

त्या जागेवर आधीची जोडणी होती का, हेही विचारून घ्या. बंद पडलेली असली तरी तिची थकबाकी जागेला चिकटलेली असते.

किती आकाराची जोडणी मागायची

इथे थोडं गणित करावं. शहरी घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हे सर्वमान्य माप आहे. पाच माणसांचं घर म्हणजे 675 लिटर. 15 मिलिमीटरच्या, म्हणजे अर्ध्या इंची नळाला मिनिटाला 10 लिटर आले तरी दोन तासांत 1200 लिटर होतात. एका कुटुंबाला ते पुरेसं आहे.

आता 40 फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं. रोजचं पाणी 21,600 लिटर, आणि पाणी येतं दोन तास. म्हणजे मिनिटाला 180 लिटर आत यायला हवेत. नळातून पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहतं असं धरलं, तर 40 मिलिमीटरच्या जोडणीतून मिनिटाला 113 लिटर येतात, 50 मिलिमीटरच्या जोडणीतून 177. तेव्हा 50 मिलिमीटरला पर्याय नाही. व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट येतं, हे लक्षात ठेवलं तर प्लंबरचा अंदाज तुम्हाला स्वतःला तपासता येतो.

मात्र गरजेपेक्षा मोठा आकार मागून पाणी वाढत नाही. मुख्य वाहिनीतच दाब नसेल तर रुंद नळातून तेवढंच पाणी सावकाश येतं. आकार वाढला की जोडणी शुल्क आणि अनामत मात्र वाढते, आणि कमी प्रवाहात मोठा मीटर नीट मोजतही नाही. घोडबंदर रोडच्या अनेक संकुलांत टँकर लागतो, त्याचं कारण जोडणीच्या आकाराहून वाहिनीत येणाऱ्या पाण्यात जास्त आहे. तिथे घर घेताना सोसायटीचा टँकरचा वर्षाचा खर्च विचारा. तुमच्या पाणीपट्टीपेक्षा तो आकडा मोठा असू शकतो.

अर्ज, पाहणी, डिमांड नोट

अर्ज पालिकेच्या संकेतस्थळावर किंवा नागरी सुविधा केंद्रात करता येतो. नवीन नळजोडणी, मालकी हक्कात बदल, जोडणीच्या आकारात बदल, वापरात बदल, जोडणी खंडित करणं, पुनर्जोडणी, थकबाकी नसल्याचा दाखला, नादुरुस्त मीटरची तक्रार, या सगळ्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवा आहेत. म्हणजे प्रत्येकीला ठरलेली मुदत आहे, आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत उलटली किंवा नकार पटला नाही तर 30 दिवसांत पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्यासाठी अर्जाचा टोकन क्रमांक आणि तारीख हवीच. कागद टेबलावर ठेवून पोच न घेता निघालात, तर मुदत सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही.

यानंतर कनिष्ठ अभियंता जागा पाहायला येतो. मुख्य वाहिनी किती दूर, किती व्यासाची, मध्ये गटार आहे का, रस्ता डांबरी की काँक्रीटचा, हे तो बघतो. त्या वेळी घरी थांबा आणि मीटर कुठे बसवायचा ते त्याच्यासमोरच ठरवा. मग डिमांड नोट निघते: जोडणी शुल्क, अनामत, रस्ता खोदाईचा आकार आणि लागू असेल तिथे मीटरचे पैसे. ही रक्कम चलनाने किंवा ऑनलाइन भरायची, कोणाच्या हातात रोख द्यायची नाही. खोदाईचा आकार कधी कधी जोडणी शुल्काच्या कितीतरी पट निघतो. ते नियमातच आहे, घाबरून जाऊ नका.

वेळेचं एक पथ्य. पावसाळ्यासाठी मे महिन्यातच रस्ते खोदाई थांबवली जाते आणि मग तातडीची दुरुस्ती सोडली तर पावसाळा संपेपर्यंत परवानगी मिळत नाही. मार्चअखेर अर्ज टाकून मे उजाडला तर नळ दसऱ्याच्या सुमाराला येईल. दिवाळीनंतरचे महिने यासाठी उत्तम.

जोडणीच्या दिवशी उभं राहून काय बघायचं

खड्डा खणल्यावर वाहिनीला सॅडल (पट्टा) आवळतात, त्यात भोक पाडून पितळी फेरूल (जोडणीची तोटी) बसवतात, आणि फेरूलपासून तुमची पाइप सुरू होते. या सांध्याला पाइपमध्ये थोडा बाक ठेवायला सांगा. रस्ता खचला की सरळ ताणलेली पाइप फेरूलमधूनच तुटते.

पाइप लोखंडी जीआय घेत असाल तर तिच्यावरचा रंगीत पट्टा बघा. पिवळा म्हणजे हलका ए क्लास, निळा बी, तांबडा सी. जमिनीखाली पिवळ्या पट्ट्याची पाइप घालू देऊ नका. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या खारट, ओल्या मातीत ती लवकर सडते. निळी एमडीपीई (प्लास्टिकची) पाइप गंजत नाही, पालिकेची परवानगी असेल तिथे तीच घ्यावी.

आता सगळ्यात महत्त्वाची बाब. पाइप गटारातून नेऊ देऊ नका. खोदाई वाचते म्हणून हा शॉर्टकट सर्रास सुचवला जातो. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. पाणी गेलं की पाइप रिकामी होते आणि आत ओढ तयार होते. गटारात बुडालेल्या पाइपला सुईएवढं भोक पडलं असेल तरी त्यातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर थेट तुमच्या टाकीत येतं. गल्लीतल्या लहान मुलांना एकाच वेळी जुलाब सुरू झाले की पहिली शंका याच पाइपची घ्यावी. गटार ओलांडणं अटळ असेल तर पाइप गटाराच्या वरून, अखंड तुकड्यात, दुसऱ्या मोठ्या पाइपच्या आवरणातून न्यावी, आणि सांधा गटारावर येऊ देऊ नये.

मीटर आयएसआय चिन्हाचा, चाचणी प्रमाणपत्रासह. बसवताना बाण प्रवाहाच्या दिशेने, मीटर आडवा सपाट, तबकडी वर. मीटरच्या आधी नळाच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट लांबीची पाइप सरळ हवी: 15 मिलिमीटरला 15 सेंटिमीटर आणि साडेसात सेंटिमीटर. लगेच कोपरा आला की पाणी गरगरत जातं आणि मोजणी बिघडते. मीटरच्या अलीकडे स्टॉपकॉक (पाणी बंद करायची चावी), पलीकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा). हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्हही मीटरच्या अलीकडेच लावून घ्या. पाणी सुटताना पाइपमधली हवा आधी मीटरमधून धावते आणि काटा फिरवते. त्या हवेचे पैसे तुम्ही भरता.

सील लागल्यावर मोबाईलवर दोन फोटो काढा: एकात मीटरचा अनुक्रमांक, दुसऱ्यात रीडिंग. नवा मीटरही शून्यावर असेलच असं नाही, चाचणीत थोडे आकडे फिरलेले असतात. हेच रीडिंग जोडणीच्या अहवालात लिहिलं आहे ना, ते सही करण्याआधी पाहा. मग दहा मिनिटं पाणी वाहू द्या, गढूळ धार संपली की टाकीत सोडा.

बिल वाचायचं कसं

एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे 1000 लिटर. मीटरवरचे काळे आकडे घनमीटरचे, तांबडे आकडे त्याखालच्या लिटरचे. बिल काळ्या आकड्यांवर होतं. चार माणसांच्या घराचा 135 लिटरप्रमाणे महिन्याचा वापर 16 युनिटांच्या आसपास येतो. तुमच्या आकड्याची तुलना याच्याशी करा. जिथे मीटर नाही किंवा चालत नाही, तिथे ठोक दराने आकारणी होते.

बिलात पहिल्यांदा रीडिंगच्या तारखा बघा, रक्कम नंतर. मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग यांच्यात खरोखर फरक आहे, की ‘सरासरी’ असा शेरा आहे? मीटर बंद, काच धुरकट, चेंबरमध्ये पाणी, दाराला कुलूप, यांपैकी काहीही झालं की सरासरीवर बिल निघतं आणि मीटर बदलेपर्यंत तसंच येत राहतं. नादुरुस्त मीटरची लेखी तक्रार ज्या तारखेला दिली, ती तारीख पुढे दुरुस्तीसाठी उपयोगी पडते.

सोसायटीने कुटुंबांची संख्या तपासावी. जिथे दराचे टप्पे दर कुटुंबाच्या वापरावर ठरतात तिथे ही नोंद बिल फिरवते. 40 फ्लॅटच्या सोसायटीचा वापर 720 युनिटं असेल तर घरटी 18 येतात. पालिकेच्या दफ्तरी 30 फ्लॅटच असतील, तर तेच पाणी घरटी 24 युनिटं दिसतं आणि वरच्या दराचा टप्पा लागू शकतो. एखाद्या फ्लॅटमध्ये दवाखाना किंवा पार्लर सुरू झालं असेल तर वापरात बदलाचा अर्ज सोसायटीने स्वतःहून करावा. तपासणीत सापडलं तर फरक मागच्या तारखेपासून लागतो.

बिल अचानक फुगलं तर

मीटरला दोष देण्याआधी गळती शोधा. रात्री पाणी येत असेल तर त्या वेळी, नाहीतर पाण्याच्या वेळेत, टाकी काठोकाठ भरू द्या आणि आतले सगळे नळ बंद करा. बॉल कॉकने (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाने) पाणी अडवायला हवं, म्हणजे मीटरही थांबायला हवा. तांबडा काटा सरकत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. बहुतेक वेळा बॉल कॉकचा वॉशर गेलेला असतो आणि ओव्हरफ्लोची पाइप थेट गटारात सोडल्यामुळे ते कोणाला दिसत नाही. मिनिटाला पाच लिटर रोज सहा तास वाहिले तर 1800 लिटर, महिन्याला 54 युनिटं: तीन कुटुंबांचं पाणी. ओव्हरफ्लोचं तोंड वॉचमनच्या नजरेसमोर येईल असं काढा.

गळती नसेल तर 500 लिटरची टाकी भरून बघा. मीटर अर्धा युनिट दाखवायला हवा. दहा-पंधरा लिटर इकडेतिकडे चालतात. फरक त्याहून मोठा असेल तर मीटर चाचणीचा अर्ज करा.

दाब कमी म्हणून पालिकेच्या नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे. पंप जप्त होतो. शिवाय त्या ओढीने शेजाऱ्यांच्या पाइपांतली घाण सगळ्यांच्या पाण्यात येते. तळटाकी भरू द्या, मोटर टाकीवर लावा.

पैसे भरताना

बिलावरचा ग्राहक क्रमांक घालून पालिकेच्या संकेतस्थळावर किंवा यूपीआयवरून भरता येतं. भरण्याआधी पडद्यावर दिसणारं नाव आणि पत्ता जुळवा. एक आकडा चुकला तर दुसऱ्याचं बिल भरलं जातं आणि ते परत फिरवायला महिने लागतात. चेक देत असाल तर बिलावर छापलेल्या नावानेच काढा आणि मागे ग्राहक क्रमांक लिहा. मालमत्ता कर भरला म्हणजे पाणीपट्टी भरली असं होत नाही, दोन्ही खाती वेगळी आहेत. पुढच्या बिलात रक्कम जमा दिसेपर्यंत पावती जपा.

बिलाबद्दल वाद असला तरी तक्रार देऊन ठेवा आणि वाद नसलेली रक्कम भरून टाका, कारण थकबाकीवर दंड चढतो. आर्थिक वर्षअखेर जवळ आली की ठाण्यात थकबाकीदारांच्या जोडण्या तोडणं, मोटर पंप जप्त करणं, पंप रूमला सील ठोकणं अशी कारवाई होते. दंडमाफीची अभय योजना जाहीर झाली तर ती दंडापुरती असते, मूळ रक्कम एकरकमी भरावी लागते.

‘आज रात्री तुमचं पाणी तोडलं जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर फोन करू नका, आणि बिल बघण्यासाठी म्हणून आलेली कोणतीही फाइल उघडू नका. शंका वाटली तर संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक घालून बाकी स्वतः पाहा, किंवा छापील बिल घेऊन विभाग कार्यालयात जा.